बोट खाली येईपर्यंत

गुरुवारी सकाळी दहाला लाइट गेली की रंगराव सोळंक्यांच्या घरात बोलायची बंदी सुरू व्हायची. उपास नाही, मौनव्रत नाही, गुरूबिरू कुणी नाही. गुरुवार म्हणजे त्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार, आणि त्यांच्या फाउंड्रीच्या सुट्टीचाही वार. पंखे बंद, फ्रीजची घरघर बंद, सोसायटीचा पाण्याचा पंप बंद, खालच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा बंद. शेजारचा टीव्ही बंद, हे तर आणखीच पुण्य. हडपसरात सातववाडीच्या त्या तीन मजली इमारतीत आठवड्यातून एकदाच अशी शांतता उतरायची आणि रंगराव तिच्यावर टपूनच बसलेले असायचे.

"आता शिंक आली तरी नाकातच ठेव," ते बायकोला सांगायचे.

"ठेवते. आणि कुकर कुठं लावू? नाकातच?" श्यामलाबाई विचारायच्या आणि भाजी निवडायला बसायच्या. भाजी निवडताना आवाज होत नाही, एवढं त्या संसारातून शिकल्या होत्या.

मग रंगराव बाल्कनीच्या दारावर गोधडी टांगायचे. मुलीने टाकून दिलेला मोबाइल, काच तडकलेला, पण आवाज नीट घेणारा, तो आमटीच्या वाटीत उभा करायचे. दुसऱ्या बाजूला जुना टू-इन-वन, कॅसेट घालून. कपडे वाळत घालायच्या दांडीला सुतळीने ओतीव पोलादाचे हातभर लांबीचे लिव्हर टांगलेले. खाली परात, तिच्यात पाणी. सुपात मूठभर ज्वारी. कुकरची सुटी शिट्टी. तेलाच्या रिकाम्या डब्यावर ताणलेली सायकलची ट्यूब. आणि हे सगळं मांडून झालं की छप्पन्न वर्षांचा हा भला माणूस मांडी घालून बसायचा, लहान हातोडीने एक लिव्हर ठोकायचा, आवाज पुरता विरेपर्यंत थांबायचा, मनात तीन मोजायचा आणि मग सूप हळूच कलतं करून ज्वारी सांडायचा.

हे त्यांचं संगीत. हसू नका. आम्हीही आधी हसलो होतो.

त्यात राग नव्हता, ताल नव्हता, गाणं तर नव्हतंच. पण बघता बघता तीन वर्षं झाली होती आणि माणूस त्यात बुडाला होता. टू-इन-वनचे सेल उतरले की कॅसेट संथ फिरते आणि आवाज जड होतो, हे त्यांनीच शोधून काढलेलं. म्हणून उतरलेले सेल ते टाकत नसत. श्रीखंडाच्या तीन डब्यांत भरून वर चिठ्ठ्या लावलेल्या: 'पाऊण', 'अर्धे', 'मेलेले'. एकदा श्यामलाबाईंनी साफसफाईत 'अर्धे' फेकले, तर दोन दिवस घरात अबोला. लोकांच्या घरी दागिन्यांवरून भांडणं होतात, इथे मेलेल्या सेलवरून व्हायची.

"लोकांचे नवरे साठीला आले की बागेत फिरायला जातात," त्या म्हणायच्या. "आमचे घरात भंगाराचं दुकान मांडून बसलेत."

भंगार हे खरंच होतं. ते लिव्हर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या ब्रेकचे. रंगरावांच्या फाउंड्रीत ओतले गेलेले आणि रंगरावांनीच बाद केलेले. ते त्यांचं कामच होतं, आणि ते कसं होतं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

परभणीकडून पुण्यात आल्यावर एकतीस वर्षं हा माणूस त्या एकाच फाउंड्रीत. पहिली दोन वर्षं वाळू वाहिली. मग युसूफभाई नावाच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी त्याला उचलून आपल्या टेबलाशी बसवलं. ते टेबल म्हणजे ठोकून बघायचं टेबल. लिव्हर थंड झाला की तारेच्या आकड्याला टांगायचा, लहान हातोडीने एकच टोला द्यायचा आणि ऐकायचं. माल शाबूत असेल तर देवळातल्या घंटेसारखा घुमत राहतो. आत भेग असेल, डोळ्याला न दिसणारी का असेना, तर ठप्प. आवाज तिथेच मरतो. मोठ्या कारखान्यांत याला मशिनं असतात म्हणे. इथे कान होता.

युसूफभाईंनी शिकवलं तेही एका बोटावर. "टोला पडला की बोट वर कर. आवाज आहे तोवर वर. संपला की खाली. तुझं बोट आणि माझं बोट एकदम खाली आलं पाहिजे, बस, तुझं शिक्षण झालं." सात महिने रंगरावांचं बोट आधी तरी यायचं, नाहीतर उशिरा तरी. मग एके दिवशी दोघांची बोटं एकदम खाली आली. म्हाताऱ्याने आपली हातोडी त्यांच्या हातात दिली आणि पुढच्या महिन्यात काम सोडलं. ती हातोडी रंगराव अजून वापरत.

तेव्हापासून फाउंड्रीत 'रंगरावांचा कान' हा शब्द झाला. मालक आप्पासाहेब गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्याकडे रंगराव आहेत, तुम्ही निर्धास्त राहा." शेजारच्या खात्यात घासायच्या चाकांचा असा कल्लोळ चालायचा की दोन माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ नये. तिथल्या सगळ्यांना कानात घालायचे बोळे मिळायचे. रंगरावांनाही मिळाले होते, पिवळे, मऊ. त्यांनी एकदाही घातले नाहीत. "कानात बोळे घालून ऐकू कशाने, नाकाने?" असं म्हणून त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकले. सगळे हसले. बरोबरच होतं की ते. इतकी वर्षं बरोबरच वाटत राहिलं.

आता शंभूबद्दल.

शंभू कामठे हा साचे भरणारा. फुरसुंगीचा. वाळूत साचा बसवायचा, मऊ हाताने दाबायचा, त्यात वितळलेलं पोलाद उतरायचं. तो आणि रंगराव जवळजवळ बरोबरच लागलेले. तेव्हापासून दोघांनी एका बाकावर डबे उघडले. शंभूच्या घरचा मिरचीचा खर्डा श्यामलाबाईंना बरणीने यायचा. शंभू सहा वर्षांनी लहान, म्हणून रंगरावांना 'नाना' म्हणायचा.

तीनेक वर्षांपासून बाद माल वाढायला लागला. आधी दिवसाला चार-पाच लिव्हर बाद निघायचे, ते दहा झाले, मग वीस-बावीस. भट्टी तपासली, वाळू बदलली, पोलाद दुसरीकडून आणलं. काही उपयोग नाही. शेवटी आप्पासाहेबांनी रंगरावांना केबिनमध्ये बोलावून सरळ विचारलं, "तुमचं मत काय?" रंगराव घुटमळले. दोस्ती एकीकडे आणि काम एकीकडे, असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि म्हणाले, "साहेब, शंभूचा हात गेला."

एवढं एकच वाक्य. दुसऱ्या दिवशी शंभूला साच्यांवरून काढलं आणि कडा घासायला बसवलं. पंचवीसहून जास्त वर्षं साचे भरलेला कारागीर, त्याच्या हातात घासायचं मशीन. साच्यांवर नवा माणूस आला. बाद माल काही कमी झाला नाही, पण नवा माणूस नवा आहे म्हणून कुणी बोललं नाही. कुणी दुसऱ्यांदा तपासलंही नाही. बाद माल परत भट्टीत जायचा, आणि वितळलेल्या पोलादाला कोण विचारणार, बाबा रे, तुला खरंच भेग होती का?

शंभू त्या दिवसापासून दुसऱ्या बाकावर डबा खायला लागला. भांडला नाही. नाना म्हणायचं मात्र बंद केलं. रंगरावांना हे लागलं, फार लागलं, पण बोलणार काय? खरं तेच सांगितलं होतं ना आपण?

त्या पुढच्या महिन्यात त्यांनी रीतसर गेटपास घेऊन बाद लिव्हर घरी आणायला सुरुवात केली. तोवर परात, सूप आणि कुकरच्या शिट्टीवरच चाललं होतं. शंभूच्या हातचे शेवटचे लिव्हर भट्टीत जायच्या आधी त्यांनी बाजूला काढले, चौदा नग. ज्याला सगळे फुटकं म्हणतात त्याचा आवाज नीट ऐकावा, त्याला थोडी जागा करून द्यावी, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. त्यांना शब्दांत सांगता यायचं नाही. ते ठोकायचे. ठप्प व्हायचं. मग शांतता. ती शांतता त्यांना फार आवडायला लागली. ज्वारी सांडायची ती त्या शांततेत, पाण्याचा थेंब पाडायचा तो त्या शांततेत. त्यांचं सगळं संगीत त्या शांततेवर उभं होतं. आणि खरं सांगायचं तर ती त्यांची शंभूची माफी मागायची रीत होती, तोंडाने मागता येत नव्हती म्हणून.

मुलगी उत्कर्षा खराडीला आयटी कंपनीत. तिला बाबांचं हे खूळ मनापासून आवडायचं. तिने 'गुरुवार एक', 'गुरुवार दोन' अशी नावं देऊन रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकली. ऐकणारे किती? तीस, कधी चाळीस. पण जे ऐकायचे ते जीव लावून ऐकायचे.

अशाच एका गुरुवारी, लाइट नसताना, ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. घरून काम. बाबांचं रेकॉर्डिंग आटोपलं होतं.

"बाबा, एकाने काय लिहिलंय ऐका ना. कर्वेनगरचा कुणीतरी आहे, साउंडचं शिकवतो. म्हणतो, 'घंटा कुठल्या धातूची आहे? इतका लांब नाद मी घरच्या रेकॉर्डिंगमध्ये कधी ऐकला नव्हता. आणि तो विरायच्या आत ज्वारी सांडता, ती कल्पना तर फारच सुंदर.'"

रंगराव एकदम तडकले. "घंटा? कसली घंटा? बाद माल आहे तो. भेगाळलेल्या लोखंडाला नाद? कान फुटलेत का त्याचे?"

"नाही हो, छान म्हणतोय तो."

"छान कसलं? आवाज विरल्यावर तीन मोजतो मी! तीन! त्याशिवाय सुपाला हात लावत नाही."

उत्कर्षा हसली. मग त्यांच्या तोंडाकडे बघून तिचं हसू थांबलं. "बाबा, तुम्ही गंमत करताय ना? मला वाटायचं ती तुमची स्टाइल आहे. पहिला आवाज चालू असतानाच दुसरा आणायचा."

"इकडे दे ते," असं म्हणत ते तिच्या शेजारी येऊन बसले. तिने रेकॉर्डिंग पडद्यावर उघडलं. आवाजाचं चित्र होतं ते. टोल्याच्या जागी उंच डोंगर, आणि त्याच्यामागे हळूहळू निमुळती होत गेलेली लांबच लांब शेपटी. शेपटी संपायच्या बरंच आधी ज्वारीचे बारीक काटे उगवलेले.

"हे काय?" त्यांनी शेपटीवर बोट ठेवलं.

"आवाज, बाबा. सात, साडेसात सेकंद आहे. मध्येच ज्वारी आली म्हणून, नाहीतर अजून पुढे गेला असता."

"फ्रीजची घरघर असेल ती. नाहीतर पंखा."

उत्कर्षाने त्यांच्याकडे पाहिलं. तिला ते वाक्य बोलायचं नव्हतं, पण दुसरं काही सुचेना. "बाबा, लाइट नव्हती."

रंगराव उठले, दांडीपाशी गेले, हातोडी घेतली. श्यामलाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, "मी ठोकतो. तू बोट वर कर. आवाज संपला की खाली घे. संपल्यावरच हं."

"आता हे काय नवीन?"

"कर म्हणतो ना!"

त्यांचा आवाज असा काही निघाला की श्यामलाबाईंनी मुकाट्याने बोट वर केलं. बोटाला मेथीचं पान चिकटलेलं. रंगरावांनी ठोकलं. ठप्प. संपलं. त्यांनी तीन मोजले. बोट वरच. त्यांनी पुन्हा तीन मोजले. बोट वरच, आणि बाईंची मान किंचित कलती, दूरचं काहीतरी ऐकणाऱ्या माणसासारखी. मग एकदाचं बोट खाली आलं.

"संपला," त्या म्हणाल्या. "किती छान घुमतो हो. मला तर रोज वाटतं, तुम्ही मध्येच त्या ज्वारीचा घोळ घालून बिघडवता. पण म्हटलं आपल्याला काय कळतंय."

रंगराव तिथेच, परातीशेजारी, खाली बसले. चौदाच्या चौदा लिव्हर त्यांनी त्या दुपारी बाईंना ऐकायला लावले. चौदाही घुमले. एकालाही भेग नव्हती. शंभूच्या हातचे शेवटचे चौदा लिव्हर, चौदाही अस्सल, आणि आपण त्यांना फुटके ठरवून त्यांचं संगीत करत बसलो. लाज वाटली, भीती वाटली, आणि सगळ्यात आधी काय वाटलं सांगू? कुणाला कळता कामा नये, हे वाटलं. माणूस आहे शेवटी.

"उद्याच कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ," उत्कर्षा म्हणाली.

"बघू."

"बघू काय, बाबा? आणि फाउंड्रीत सांगायला हवं ना? तुम्ही तिथे…"

"म्हटलं ना बघू!"

ते 'बघू' कामाचे अकरा दिवस चाललं. आणि ते अकरा दिवस त्या माणसाने जे केलं ते सांगताना मला अजून राग येतो. सांगितलं नाही. टेबलाशी जाऊन बसले. आधी चांगलाही माल बाद करत होते, आता घाबरून सगळं पास करायला लागले. ठोकायचे, मान हलवायचे, पास. लिव्हरला बोटं लावून थरथर कळते का बघायचे. नव्या साचेवाल्याच्या चेहऱ्याकडे चोरून बघायचे. बाद माल एकदम शून्यावर आला. आप्पासाहेब येऊन पाठीवर थाप मारून गेले. "रंगराव, नवा माणूस तुम्ही चांगला तयार केलात हो." जेवणासाठी मशिनं थांबली होती, त्यामुळे घासायच्या मशिनाशी बसलेल्या शंभूने ते ऐकलं. मान वर केली नाही.

घरी त्यांनी लिव्हर दांडीवरून उतरवले. पुढचा गुरुवार तसाच गेला. लाइट गेली, घर गप्प झालं, आणि ते गोधडी न टांगता भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. श्यामलाबाईंनी मुद्दाम कुकर लावला. चार शिट्ट्या झाल्या. ते ओरडले नाहीत. तेव्हा त्या बाई खऱ्या घाबरल्या.

"अहो, त्या शिट्ट्या तरी ऐकू आल्या ना?"

"आल्या."

"मग रागवा की!"

कामाच्या बाराव्या दिवशी, बुधवारी, दुपारच्या जेवणाआधी त्यांनी एक लिव्हर टांगला, ठोकला, पास म्हणून उतरवला आणि पास मालाच्या पेटीत ठेवता ठेवता त्यांना त्यावर एक तांबूस रेघ दिसली. केसाएवढी. पाणी लागून गंजलेली. नखाने खरवडली, तर नख अडकलं. भेग होती. आरपार. चढावर भरलेली ट्रॉली घेऊन उभा असलेला एखादा माणूस हा ब्रेक ओढणार होता, आणि त्यांनी त्याला पास म्हटलं होतं. आधीच्या अकरा दिवसांत अशा रेघा किती होत्या? न गंजलेल्या, न दिसलेल्या? पास मालाची गाडी नेहमी गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी सकाळी सुटायची, आणि मधल्या शुक्रवारी गिऱ्हाइकाने टेम्पो पाठवलाच नव्हता म्हणून सगळ्या पेट्या अजून फाटकाशी होत्या. देवाने वाचवलं, दुसरं काय. त्यांनी तो लिव्हर खिशात घालायचा प्रयत्न केला. हातभर लिव्हर खिशात कसा मावणार? लपवायची सवय अशी लागते माणसाला.

गुरुवारी त्यांनी घरी एक पोतं शोधून ठेवलं. शुक्रवारी सकाळी सात वाजता चौदा लिव्हर पोत्यात घालून रिक्षाने फाउंड्रीत गेले. पोतं ओढत आप्पासाहेबांच्या दारातच ठेवलं.

"काय हो रंगराव, भंगार परत करायची योजना कधीपासून?" आप्पासाहेबांनी चष्म्यावरून विचारलं.

"साहेब, आजची गाडी सोडू नका. पेट्या परत तपासाव्या लागतील. आणि शंभूला बोलवा."

"का?"

"सांगतो. त्याच्यासमोरच सांगतो. दोनदा सांगायची माझी छाती नाही."

आप्पासाहेबांनी क्षणभर त्यांचं तोंड न्याहाळलं आणि मग फाटकावर फोन लावला. गाडी थांबवली. घासायची मशिनं बंद करायला लावली. तो कल्लोळ एकदम थांबला तशी सगळी माणसं आपोआप टेबलाशी गोळा झाली. शंभू सगळ्यांत मागे उभा राहिला, तोंडावरचा फडका न काढता.

रंगरावांनी पोत्यातला पहिला लिव्हर आकड्याला टांगला. युसूफभाईंची हातोडी शंभूपुढे धरली.

"हे तुझे आहेत. तुला काढलं त्या आठवड्यातले. मी बाद केलेले. तू ठोक."

शंभू पुढे आला. हातोडी घेतली नाही. "कशाला? तुमीच सांगितलं व्हतं सायबाला, हात गेला म्हून. आता काय ऱ्हायलं?"

"ठोक रे."

"न्हाई ठोकत. म्या घरी अजून सांगितल्यालं न्हाई. बायकोला वाटतं, मी साचंच भरतो. रोज हात धुऊन घरी जातो, घासल्याली काळी भुकटी दिसू नये म्हून. चौदा महिने झालं. आन् तुमी मला ठोकाय सांगता?"

रंगराव हातोडी तशीच पुढे धरून उभे राहिले. त्यांना वाटलं, या माणसाने आपल्याला एक ठेवून द्यावी, निदान तेवढ्याने तरी मोकळं होता येईल. शंभूने तसं काही केलं नाही. ते मग स्वतःच म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, कारण आपला आवाज किती मोठा आहे याचाही आता त्यांना भरवसा नव्हता.

"तुझा हात शाबूत आहे. माझा कान गेलाय. तीन वर्षं झाली बहुतेक. मला कळून पंधरा दिवस झाले, आणि पंधरा दिवस मी लपवलं. सगळे बोटं वर करा. मीही करतो. शंभू, ठोक."

आप्पासाहेबांनी सगळ्यांत आधी बोट वर केलं. मग नव्या साचेवाल्याने, मग बाकीच्यांनी. शंभूने फडका खाली ओढला, हातोडी घेतली आणि रागारागाने एक टोला दिला. डाव्या हाताचं बोट वर केलं.

रंगरावांनी ऐकलं. ठप्प. त्यांचं बोट खाली आलं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. टेबलाभोवती आठ-दहा बोटं वर होती. एकही हललं नव्हतं. आप्पासाहेब त्या बोटांकडे पाहत होते, आणि मग रंगरावांच्या खाली आलेल्या हाताकडे, आणि त्यांच्या लक्षात सगळं आलं. या टेबलाशी उद्यापासून आपण बसणार नाही, हे रंगरावांना त्यांच्या नजरेतच दिसलं. ते हातोडीची मूठ बघत राहिले. तिच्यावर युसूफभाईंच्या अंगठ्याने पडलेला खळगा होता आणि त्यात त्यांचा स्वतःचा अंगठा अठ्ठावीस वर्षं बसला होता.

शंभूने हातोडी टेबलावर ठेवली. त्याने रंगरावांकडे एकदा बघितलं. मग त्याने मोकळा झालेला हात पुढे केला, त्यांचं मनगट धरलं आणि वर उचललं. त्यांचं मिटलेलं बोट आपल्या काळ्या बोटांनी सरळ केलं आणि तसंच धरून ठेवलं.

"अजून हाय, नाना," तो म्हणाला.

रंगरावांना काहीच ऐकू येत नव्हतं. ते शंभूच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याची मान कलती होती, डोळे अर्धे मिटलेले. आपण भरलेल्या साच्यातल्या लोखंडाचा आवाज तो चौदा महिन्यांनी ऐकत होता. बोटं एकेक करून खाली यायला लागली. आप्पासाहेबांचं आलं, नव्या माणसाचं आलं. शंभूचं वरच होतं.

"संपला," शंभू म्हणाला आणि हात सोडला. मग रंगरावांनी बोट खाली घेतलं.